काकाजींचं मानपत्र

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

माझं नाव पुढे केलं. मला न विचारता!

मी मंडळाच्या बैठकीत सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसलो होतो. धनंजय अध्यक्ष, त्याचा आवाज मोठा. म्हणाला, "मानपत्र धीरज लिहीन. आन वाचनही धीरजच." लगेच टाळ्या. ऋतिकनं तर शिट्टी मारली. 'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर विषय पुढे गेला. मंडप कोणाचा, जेवणात काय, पाहुणे किती.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मैदानावरच डोमाजी काकाजींचा सत्कार आहे. वीर बजरंग क्रीडा मंडळासाठी त्यांनी एवढी वर्षं जे केलं त्याबद्दल. व्हायलाच पाहिजे. मी स्वतः हात वर केला होता. पण वाचायला मी?

लिहिणं जमेल. शाळा अकरावीत सुटली, शुद्धलेखन सुटलं नाही. मंडळाचा फलक मीच लिहितो. कबड्डीच्या सामन्याचे गुणही मीच मांडतो. लिहिणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून ते बरं वाटतं. माइकवर बोलणाऱ्याकडे सगळं गाव पाहतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग वाच ना. वाघ त तिकडं बोरच्या जंगलात हाय. स्टेजवर थोडी हाय!"

तिला हसू आलं. मला जेवण गेलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

मी कामाला आहे त्या हार्डवेअरच्या दुकानात पाइप मोजता मोजता तोंडातल्या तोंडात 'उपस्थित ग्रामस्थहो' म्हणायचा सराव केला. शेठ म्हणाले, "काऊन बे, मंत्र म्हनून राह्यला का?" गिऱ्हाईक हसलं. माप चुकलं. परत मोजलं.

५ जानेवारी, रविवार

आज लिहायला बसलो. काकाजींबद्दल लिहायचं तर कुठून सुरू करायचं? 'आदरणीय' लिहिलं आणि थांबलो. मानपत्रात सगळ्यांनाच आदरणीय लिहितात. मग काकाजी आणि बाकीचे सारखेच झाले.

खरं लिहायचं तर असं — आमचं मैदान म्हणजे काकाजींचं शेत. रस्त्याला लागून. तिथं त्यांनी तूर, कपाशी काहीच लावलं नाही. मी लहान होतो तेव्हापासून ते पडीक आहे, पण पडीक म्हणवत नाही. रोज संध्याकाळी काकाजी बाजेएवढी मोठी चाळणी लावून माती चाळतात, खडे वेचतात, पाणी मारतात. पोरांचे गुडघे फुटू नयेत म्हणून. मग चुन्याच्या रेघा. रेघ वाकडी गेली तर पुसून परत. या बाबतीत ते माझ्यासारखेच आहेत.

बाबा गेले त्या वर्षी मी मैदानाच्या कडेला उभा राहायचो. खेळायची भीती वाटायची. अंगावर पोरं पडतील, हात मोडेल. काकाजी जवळ आले. मला वाटलं हाकलतील. त्यांनी पेन्सिल दिली. "खेळता येत नसन त लिह. लिहिनारा बी संघातलाच रायते."

हे मानपत्रात लिहिता येणार नाही. माझ्याबद्दल होईल ते.

सकाळी ऋतिक आणि बाकीचे पोलीस भरतीसाठी त्याच मैदानावर पळतात. गोळाफेक, लांब उडी सगळं तिथंच. दोघं लागलेसुद्धा. हे लिहिता येईल. लिहिलं.

८ जानेवारी, बुधवार

 

मानपत्राचा मजकूर मी काल धनंजयला दाखवला. तो म्हणाला, मस्त. आज दुपारी त्यानं व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली. खाली लिहिलं होतं, 'पोलीस भरतीच्या नंतर टाक.' ओळ अशी —

'मैदानाची ही जागा डोमाजींनी आपल्या गावच्या तरुणांसाठी मंडळाला कायमची दिली आहे.'

दिलेली नाही! सगळ्या गावाला माहीत आहे, दिलेली नाही. वापरायला दिली आहे. सातबाऱ्यावर काकाजी आणि त्यांचा मुलगा अंकुश दोघांचं नाव आहे. अंकुशभाऊ वर्ध्याला, नालवाडीत राहतात. त्यांना ती विकायची आहे. नवा महामार्ग झाल्यापासून इकडच्या रस्त्याकडेच्या जागांना भाव आला. प्लॉट पाडून विकणारे लेआउटवाले येऊन पाहून गेले.

मी लगेच फोन केला. "धनंजयभाऊ, हे त खरं नाई."

"वाचलं का खरं होते."

"पण काकाजींले विचारलं का?"

"धीरज, तू कोनाले काही विचारू नको. जसं हाय तसं लिह. जसं लिहिलं तसं वाच. बस!"

वाचलं की खरं होतं — हे त्यानं गमतीनं म्हटलं नव्हतं. आमच्या गावात तसंच आहे. मानपत्र वाचताना सगळे उभे राहतात. ज्याचा सत्कार तो हात जोडून ऐकतो, मग तो कागद कपाळाला लावतो. कपाळाला लावला म्हणजे वाचलेलं सगळं मान्य; नुसतं लिहिलेलं कोणी धरत नाही. नंतर कोणी मागे फिरत नाही. फिरलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही, त्याची आणि त्याच्या घरच्यांची. किराणावाले मधुकरराव, त्यांच्या मानपत्रात 'मंडळाला बोअर करून दिली' असं वाचलं होतं. बोअर कुठं होती? मधुकररावांनी नुसती मान हलवली होती कधीतरी, पाहू म्हणून. त्यांनी कागद कपाळाला लावला आणि पंधरवड्यात मशीन आली. अजून लोक हसतात. मधुकरराव स्वतःही हसतात.

पण बोअर वेगळी. ही जमीन आहे. एका म्हाताऱ्याला शाल पांघरून फसवायचं — आणि माझ्या तोंडून!

९ जानेवारी, गुरुवार

झोप नाही. ओळ अजून लिहिलेली नाही. जागा मात्र सोडून ठेवली आहे.

११ जानेवारी, शनिवार

ऋतिकला आडून आडून विचारलं. समज, जागा गेली तर? तो बूट बांधत होता. म्हणाला, "गेली त मंग मी बी गेलो. रोडवर पळू का ट्रकच्या मधात? या साली भरती नाई झाली त वय निघून जाते माह्यं. बाप म्हनते, चाल कंपनीत हमालीले." मग हसला. "तू काऊन इतका पांढरा पडला बे? तुले थोडी पळायचं हाय!"

हसताना त्याचे डोळे हसत नव्हते. त्यालाही भीती वाटते! मला वाटायचं फक्त मलाच वाटते.

ओळ वाचली तर काकाजी फसतात. नाही वाचली तर ही पोरं जातात. हे सगळं माझ्याकडे कसं आलं?

१४ जानेवारी, मंगळवार — संक्रांत

तिळगूळ द्यायला काकाजींच्या घरी गेलो. अंकुशभाऊ आलेले होते, वहिनी आणि छोटी रक्षाही. रक्षा पहिलीत आहे. आनंदाकाकूंनी, म्हणजे काकाजींच्या बायकोनं, तिला हलव्याचे दागिने घातले होते. ती एकेक दाणा तोडून खात होती आणि काकू ओरडत होत्या, "अव, दागिना हाय तो! मुरमुरे नाई!"

मी निघालो तर अंकुशभाऊ मागून आले. फाटकापाशी.

"मानपत्र तू लिहून राह्यला म्हने?"

"हो."

"चांगलं लिह. बाबाचं नाव झालंच पायजे." माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड हात. "फक्त जागेबद्दल त्यात एक शब्द नको. समजलं ना? मले बी काही हौस नाई. दोन खोल्यांत रायतो मी तिथं. पोरीची फी, घराचे हप्ते... तुमचं खेळनं होते, माह्यं घर चालत नाई."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणंच झालं. खोटं बोललो का मी? ओळ लिहिली नाही अजून, म्हणजे अजून खोटं नाही.

त्यांनी हात काढला तरी खांद्यावर वजन तसंच.

१६ जानेवारी, गुरुवार

आज ठरवून मैदानावर लवकर गेलो. काकाजी एकटे माती चाळत होते. म्हटलं, सांगून टाकावं. धनंजयनं असं असं लिहायला सांगितलं आहे, तुम्ही सावध व्हा.

तोंडातून निघालं भलतंच. "काकाजी, मानपत्रात मैदानाबद्दल काय लिहू?"

त्यांनी चाळणी थांबवली. रस्त्याकडे पाहिलं, कोणी आहे का. मग हळू म्हणाले, "दिवाळीत अंकुशनं माहा हात रक्षाच्या डोक्यावर ठेववला. शपथ घेतली म्या. जागा मंडळाले देली, असं माह्या तोंडून निघनार नाई."

 नातीच्या डोक्यावर हात ठेवून!

"मंग... काय लिहू?"

"तुमचं मानपत्र तुमचं. मंडळ सांगन तसं लिह. मले नको विचारू, बाबू. माह्यं काय त्यात." आणि परत चाळायला लागले. खडा सापडला की ते बाजूला फेकत नाहीत, खिशात टाकतात. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. खिसा फुगला होता.

त्यांना काही कल्पना नाही. बिचारे. मंडळावर एवढा विश्वास!

मी काही सांगू शकलो नाही. घरी येऊन हातपाय धुतले, परत धुतले.

१७ जानेवारी, शुक्रवार

शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला लागते. आई असंच म्हणते. मी नाही मानत असं म्हणतो, पण आतून मानतो.

पण मोडेल कोण? ओळ मी वाचणार. कागद काकाजी कपाळाला लावणार. कपाळाला लावलं म्हणजे बोललं, असं धरतात का? कोणाला विचारू? असं विचारता तरी येतं का?

१९ जानेवारी, रविवार

रक्षाला ताप!

आनंदाकाकू दुकानात आल्या होत्या, बादलीला कडी घ्यायला. सहज म्हणाल्या, "काल अंकुशचा फोन आलता. पोरगी फनफनली हाय तापानं." माझ्या हातातून कड्यांचा डबा पडला. सगळ्या कड्या दुकानभर. काकू म्हणाल्या, "मायबाई! तुले काय झालं? पोराईले ताप येतच रायते थंडीचा."

मी अजून ओळ लिहिली नाही. नुसता विचार केला तरी?

२१ जानेवारी, मंगळवार

ताप उतरला म्हणे. केळझरच्या गणपतीला हात जोडून आलो. दुकानातून परस्पर गेलो, आईला सांगितलं नाही. गणपतीसमोर उभा राहूनही मागायचं काय ते सुचेना. एवढंच म्हटलं, माझ्यावर नको.

संध्याकाळी धनंजयला गाठलं. तो मंडपवाल्याशी बोलत होता. बाजूला घेतलं. म्हटलं, काकाजींनी शपथ घेतली आहे, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. हे पाप आहे. मी वाचणार नाही.

धनंजय ओरडेल असं वाटलं होतं. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. काहीतरी सांगावं की नाही असं. मग म्हणाला, "तुह्या तोंडावर सगळं दिसते रे धीरज. तुले काही सांगायची सोय नाई. अंकुशभाऊनं नुसतं पाह्यलं तरी तू वकून टाकशीन."

"म्हणजे काय?"

"म्हनजे काही नाई. तू वाच. बाकी तुह्याकडं काही नाई."

"दुसऱ्या कोणाला द्या ना!"

"नाई. तूच." आणि मग, आवाज चढवून, "आन नाई वाचलं ना, त मंग या पोट्ट्याईले तोंड दाखवजो तू. ऋतिकले सांगजो, जाय कंपनीत."

मंडपवाला ऐकत होता. मी निघून आलो.

२२ जानेवारी, बुधवार

ओळ लिहिली. जाड कागदावर, चांगल्या अक्षरात. चौकटीला फुलांची वेल काढली. अक्षर सुंदर आलं. त्याचीच लाज वाटली.

२४ जानेवारी, शुक्रवार

आईसमोर वाचून दाखवलं. त्या ओळीपर्यंत ठीक. तिथं आवाज चिरका झाला. आईनं शेंगा सोलणं थांबवलं नाही, पण म्हणाली, "हे डोमाजीनं केलं का खरंच? जागा देली?"

"मंडळ म्हणते."

"मंडळ म्हनते!" तिनं टरफलं सुपात झटकली. "तुह्या बापाच्या मातीले येऊन पह्यले उभा राह्यला तो डोमाजी होता. लोकाईच्या भानगडीत आपलं तोंड देऊ नको, धीरज. लोक घरी जाते, आपलं तोंड आपल्याजवळच रायते."

२५ जानेवारी, शनिवार

उद्या. काहीच ठरत नाही. मंडपाचे खांब रोवताना पाहिलं. मैदानात खड्डे केले, काकाजी स्वतः दाखवत होते कुठं खणायचं. चुन्याच्या रेघांवर नको, असं सांगत होते. किती खूश होते. नवं धोतर आणलं आहे म्हणाले. मला म्हणाले, "घाबरू नको. जे लिहिलं असन ते सगळं वाचजो. मधात थांबजो नको."

माझी भीती त्यांना दिसली. धीर देत होते मला! ज्याला फसवणार तोच धीर देतो.

२६ जानेवारी, रविवार

झालं. लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

झेंडावंदनानंतर सगळं गाव मैदानावर. स्टेजवर काकाजी मधल्या खुर्चीत, नवं धोतर, टोपी. बाजूला आनंदाकाकू, पदर डोक्यावर, एकसारख्या खाली पाहत होत्या. पहिल्या रांगेत अंकुशभाऊ. मांडीवर रक्षा, अंगात स्वेटर, कानाला रुमाल. आजारपणातून उठलेली, डोळे मोठे दिसत होते तिचे. हातात छोटा झेंडा.

मधुकररावांनी माझं नाव पुकारलं. "आता मानपत्राचं वाचन, धीरज!" मागून ऋतिक ओरडला, "अय धीऱ्या, आवाज येऊ दे!" लोक हसले.  माइकला हात लागला तर तो कुरकुरला, पोरं परत हसली. मग सगळे उभे राहिले. खुर्च्यांचा आवाज. मग काहीच आवाज नाही. त्या शांततेची मला एवढ्या दिवसांपासून भीती वाटत होती.

वाचायला लागलो. आवाज माझा वाटत नव्हता, पण येत होता. मातीचं वाचलं. पाण्याचं वाचलं. जखमी पोरांना सायकलवर सेलूच्या दवाखान्यात नेलं ते वाचलं, तेव्हा बायकांत कोणीतरी 'हो ना' म्हणालं. पोलीस भरतीचं वाचलं. टाळ्या पडल्या.

आणि ती ओळ आली.

मी वर पाहिलं. पाहायला नको होतं. काकाजींनी डोळे मिटले होते. हात आधीच जोडलेले. ओठ घट्ट. मांडीवरून उतरून उभी असलेली रक्षा बापाच्या पँटला धरून माझ्याकडे पाहत होती. अंकुशभाऊंच्या कपाळावर घाम, थंडीत. स्टेजच्या कोपऱ्यात धनंजय, मान पुढे काढून.

मला ताप दिसला. त्या पोरीच्या तोंडावर ताप दिसला, खरंच दिसला.

मी ओळ सोडली.

सरळ खालच्या ओळीवर गेलो — 'अशा या सेवाव्रती माणसाचं ऋण फेडता येणार नाही, म्हणून मंडळ त्यांच्यापुढे नतमस्तक आहे.' संपलं. टाळ्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. तेवढीच जागा, एका श्वासाची.

काकाजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिल्यासारखं. कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो लगेच कपाळाला लावला नाही. वाचत होते. चष्मा नव्हता, तरी बोट फिरवत होते ओळींवर. मग लावला.

शाल, श्रीफळ झालं. मधुकरराव म्हणाले, आता काकाजी दोन शब्द बोलतील. काकाजी माइकसमोर उभे राहिले.  आनंदाकाकूंनी पहिल्यांदा मान वर केली. काकाजी पोरांकडे पाहत होते, मग अंकुशभाऊंकडे, मग रक्षाकडे. तोंड उघडलं, मिटलं.

"मैदानावर पानी मारत जा, पोट्टेहो," एवढंच बोलले. खाली बसले.

लोकांना वाटलं, गहिवरले. मलाही तसंच वाटलं.

धनंजयनं मंडपामागे मला गाठलं. मी डोळे मिटले, आता बसते कानाखाली म्हणून. बसली नाही. डोळे उघडले तर तो जमिनीवर बसलेला, डोक्याला हात लावून. "काय केलं रे तू," एवढंच म्हणाला. "काय केलं रे."

म्हटलं, "शपथ वाचवली."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वेगळ्याच भाषेत बोललो.

पण मी वाचवली. एक म्हातारा आणि एक पोरगी वाचवली. आज पहिल्यांदा, भीत भीत का होईना, मी माझ्या मनाचं केलं. जेवलो. दोन पोळ्या जास्त.

२७ जानेवारी, सोमवार

शांत झोप लागली.

२९ जानेवारी, बुधवार

कोणी बोलत नाही माझ्याशी. धनंजयनं पोरांना सांगितलं असावं. ऋतिक समोरून आला आणि मोबाइल पाहत निघून गेला. फलक लिहायला गेलो तर खडूचा डबा जागेवर नव्हता.

सोसेन. खरं केलं की सोसावं लागतं.

काकाजी मात्र तीन दिवस मैदानावर दिसले नाहीत. माती कोरडी पडली आहे. दगदग झाली असेल त्यांना.

१ फेब्रुवारी, शनिवार

मैदानावर माणसं आली होती. लांब फीत, लोखंडी खुंट्या. खुंट्यांना लाल रंग. चुन्याच्या रेघांवरून फीत ओढत होते. अंकुशभाऊ उभे होते, फोनवर. मला पाहिलं आणि हात केला! "धीरजभाऊ, या ना!" आधी कधी मला भाऊ म्हटलं नव्हतं त्यांनी. मी गेलो नाही. झाडामागे उभा राहिलो.

पोरं रस्त्याच्या कडेला ओळीनं बसली होती, बूट घालून. पळत कोणी नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

जागेचा इसार झाला, सौद्याचे आगाऊ पैसे दिले. आईनं पाणी भरताना ऐकलं. काकाजींनी सही केली, अंकुशभाऊंनी केली.

काकाजींनी का केली? ते 'नाही' म्हणू शकत होते ना? शपथ बोलण्याची होती, सही करायची नव्हती. मला कळत नाही. भीती परत आली आहे. आधीच्यापेक्षा वेगळी. आधी कशाची भीती आहे ते माहीत होतं.

आई म्हणाली, "पोराच्या पुढं घरात बापाचं काय चालते? चारचौघांत असतं त गोष्ट वेगळी."

चारचौघांत असतं तर. हे ती सहज म्हणाली आणि भाकरी उलटवली. मी तेव्हापासून इथंच बसलो आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काकाजींच्या घरापर्यंत गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत खोकल्याचा आवाज. परत आलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजही परत आलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काकाजीच आले. दुकान बंद करत होतो. बाकड्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले. म्हणाले, "धनंजयवर रागावू नको, बाबू. ती ओळ त्याची नोहती. म्या लिहून देलती त्याले. तोंडानं म्हनता येत नोहतं ना. मंडळानं वाचली असती, म्या कपाळाले लावली असती, त गावापुढं अंकुशले नाई म्हनता आलं नसतं."

मी विचारलं, "मग मला का दिलं वाचायला?"

त्यांनी पेला उपडा ठेवला. "बाकीचे पोट्टे वाचताना गाळते, खाते, आपल्या मनचं घालते. म्हटलं, धीरज लिहिलेला एक शब्द सोडत नाई."